मेंदूची साक्ष



दरेकसा हे स्थानक नकाशावर शोधायचे असेल तर मुंबई-हावडा लोहमार्गावर बोट ठेवून गोंदियाच्या पूर्वेला सरकावे लागते. आमगाव, सालेकसा मागे पडले की दोन्ही बाजूंनी डोंगर जवळ येतात आणि राज्याची हद्द फार दूर राहत नाही. माघी पौर्णिमेला कचारगडच्या गुहेकडे जाणारे गोंड यात्रेकरू येथे उतरतात, आणि पावसाळ्यात हाजरा धबधबा पाहण्यासाठी शहरी माणसे येतात. आमचे जाणे-येणे मात्र गँगमन लोकांकडे. डोंगरातील बोगद्याच्या तोंडाशी काम करणारा गँगमन डोळ्यांपेक्षा कानावर अधिक जगतो. पाऊस पडत असतो, पाणी वाहत असते, जोडीदारांचे हातोडे चालू असतात. त्या सगळ्या कोलाहलातून येणाऱ्या गाडीची पहिली घरघर त्याला वेगळी काढावी लागते. नसलेली गाडी ऐकू आली तर पाच मिनिटे काम थांबते, एवढेच. असलेली गाडी ऐकू आली नाही तर माणूस जातो.

चूक दोन प्रकारची असते, आणि दोन्ही चुकांची किंमत सारखी नसते, हे त्या बोगद्याने आम्हांला शिकविले. आजच्या विषयाचे सूत्र तेच आहे. माणसाच्या डोक्यात चाललेला व्यापार यंत्राने कसा टिपला, कोलाहलातून खूण कशी वेगळी काढली, आणि ती काढताना शास्त्रज्ञ व न्यायालये कोठे फसली, ह्याचा इतिहास आम्ही आपणांपुढे मांडणार आहोत.

कामगार चळवळीतल्या माणसाने मेंदूवर बोलण्याचे काय कारण, असे कोणी विचारील. त्याचे उत्तर एका पहारेकऱ्याने दिले आहे. बऱ्याच वर्षांपूर्वी एका भात गिरणीत धानाचा साठा वजनात कमी भरला आणि त्याच्यावर चोरीचा आळ आला. मालकाच्या बाजूने सुचविण्यात आले की ह्याला खोटे पकडण्याच्या यंत्रावर बसवा; मन साफ असेल तर भ्यायचे कशाला? त्या रात्री तो आमच्याकडे आला आणि म्हणाला, "भाऊ, माझ्या डोक्यात भीती आहे का चोरी आहे, हे त्या मशीनला कसं समजंल जी?" आमच्याजवळ उत्तर नव्हते. आमचे शिक्षण वाचनालयात आणि रेल्वेच्या डब्यात झालेले. नकार दे, एवढा सल्ला आम्ही दिला आणि उत्तर शोधायला लागलो. त्याला बरीच वर्षे लागली.

आरंभ १८७५ सालापासून करावा लागतो. पुण्यात न्यायमूर्ती रानडे यांच्या पुढाकाराने वसंत व्याख्यानमाला सुरू झाली ती ह्याच साली. आज आपण ज्या प्रथेने येथे बसलो आहोत तिचे मूळ तेथे आहे. त्याच साली लिव्हरपूलचे डॉक्टर रिचर्ड केटन यांनी एडिंबरो येथे ब्रिटिश वैद्यक सभेपुढे सांगितले की सशांच्या व माकडांच्या उघड्या मेंदूवर तारा ठेवल्या असता विजेचे क्षीण प्रवाह आढळतात. ती गोष्ट फारशी कोणाच्या ध्यानात राहिली नाही.

पुढे जर्मनीत येना येथे हान्स बर्गर नावाचा मनोविकारतज्ज्ञ झाला. तरुणपणी सैन्यात असताना तो घोड्यावरून पडून मरता मरता वाचला. त्याच दिवशी घरून वडिलांची तार आली. दूर असलेल्या बहिणीला भावाच्या जिवाला धोका असल्याचे जाणवले होते. मनाची शक्ती अंतरावरून जाते की काय, ह्या विचाराने त्याला जन्मभर सोडले नाही. ती शक्ती त्याला सापडली नाही, पण १९२४ साली माणसाच्या डोक्यावरून मेंदूची वीज टिपणारा तो पहिला ठरला. डोळे मिटून स्वस्थ बसलेल्या माणसाच्या डोक्यातून सेकंदाला सुमारे १० लाटा निघतात, हे त्याने १९२९ साली प्रसिद्ध केले. त्यावर कोणी विश्वास ठेवीना. केंब्रिजच्या एड्रियन आणि मॅथ्यूज यांनी १९३४ साली तोच प्रयोग करून दाखविला, तेव्हा जगाने मान्य केले.

अविश्वास निराधार होता असे मात्र नाही. डोक्याच्या कातडीवर मिळणारी ही वीज एका व्होल्टच्या दशलक्षांश भागांत मोजायची असते. असे काही दहा भाग मिळतात. पापणी लवली, दात आवळले, मान हलली, तर त्याहून कितीतरी मोठी लाट उठते. दिव्याच्या तारांतील वीजही त्यात मिसळते. आणि एखादा शब्द ऐकल्यावर किंवा हाताला स्पर्श झाल्यावर मेंदू जो विशिष्ट प्रतिसाद देतो, तो तर मेंदूच्याच नेहमीच्या लाटांत बुडून जातो. भर बाजाराच्या दिवशी एका माणसाचे पुटपुटणे ऐकण्यासारखेच हे.

ह्यावर उपाय काढला लंडनच्या जॉर्ज डॉसन याने. मनगटाजवळच्या मज्जातंतूला तो विजेचा हलका धक्का देई आणि डोक्यावरील लाट टिपी. एका धक्क्याने काहीच दिसत नसे. १९४७ साली त्याने अनेक धक्क्यांचे आलेख छायाचित्रात एकावर एक ठेवले, आणि काही वर्षांत त्यांची बेरीज करणारे यंत्रच बनविले. तत्त्व असे की धक्क्याला मिळणारा प्रतिसाद दर वेळी ठरलेल्या क्षणी येतो, म्हणून बेरजेत तो वाढत जातो. कोलाहल कधी वर, कधी खाली असतो, म्हणून तो आपापसांत बराचसा कटतो. १०० वेळा मोजून सरासरी घेतली तर कोलाहल दहाव्या हिश्शावर येतो. १०,००० वेळा घेतली तर शंभराव्या. पटीचे वर्गमूळ घ्यावे, असा हा हिशेब आहे.

परंतु ह्या हिशेबाला एक अट आहे, आणि आमच्या पहारेकऱ्याच्या प्रश्नाचे अर्धे उत्तर तीत आहे. कोलाहल धक्क्याच्या तालात चालणारा नसावा. जो गोंगाट प्रत्येक धक्क्याबरोबर त्याच क्षणी उठतो, तो सरासरीने नाहीसा होत नाही. तोही खुणेइतकाच स्पष्ट होऊन वर येतो. संशयिताला प्रश्न विचारला की त्याचा श्वास अडकतो, छाती धडधडते. ही भीती प्रश्नाच्या तालातच येते. तो प्रश्न शंभरदा विचारा, भीती शंभरदा येईल आणि बेरजेत ठसठशीत दिसेल. ती भीती चोरीची की चोर ठरण्याची, हे बेरीज सांगत नाही.

आता विजेकडून चित्राकडे वळू. १९९० साली अमेरिकेत सेइजी ओगावा ह्या जपानी शास्त्रज्ञाने उंदरांवर प्रयोग करून दाखविले की रक्तातील प्राणवायू कमी-अधिक झाला की चुंबकीय यंत्राच्या चित्रातही फरक पडतो. मेंदूचा जो भाग काम करतो तेथे ताजे रक्त धावते. म्हणून रक्तावरून कामाचा माग काढता येतो. १९९२ पर्यंत तीन ठिकाणच्या शास्त्रज्ञांनी जिवंत, जाग्या माणसाच्या मेंदूची अशी चित्रे प्रसिद्ध केली. कवटी न उघडता मेंदूचे काम चित्रात दिसू लागले, ही खरोखर मोठी घटना होती.

पण चित्र म्हटले की आपण फोटो समजतो, तसे ते नव्हे. मेंदूचे लाखभर बारीक तुकडे कल्पायचे आणि दर दोन-तीन सेकंदांनी प्रत्येकाचा आकडा टिपायचा. काम करताना हा आकडा शेकडा एक-दोनने वाढला तर पुष्कळ. त्याच वेळी हृदयाचे ठोके, श्वास, डोक्याची केसभर हालचाल आणि यंत्राचे स्वतःचे सरकणे ह्यांनी तेवढाच किंवा त्याहून मोठा फरक पडतो. म्हणून माणसाला अर्धा मिनिट बोटे हलवायला आणि अर्धा मिनिट स्वस्थ राहायला सांगतात; ज्या तुकड्याचा आकडा त्याच तालात, रक्ताला लागणारा काही सेकंदांचा उशीर धरून, वरखाली होतो त्याला रंग देतात. छापील चित्रातील तांबडा ठिपका असा हिशेबातून आलेला असतो. येथेही जुनी अट सुटलेली नाही. बोटे हलविताना डोके जरासे हलले, तर ते डोकेही तालातच हलते.

ह्या गुंत्यातून लाटा वेगळ्या करण्याचे एक गणित आपल्या माणसाचे आहे, हे कळले तेव्हा आम्ही थक्क झालो. दामोदर धर्मानंद कोसंबी हे नाव आमच्या पिढीच्या कार्यकर्त्याला इतिहासकार म्हणून माहीत. भारतीय इतिहासाच्या अभ्यासाची दिशा बदलणारे त्यांचे पुस्तक १९५६ सालचे. ते आम्ही फिरत्या नोकरीत, पाने सुटेपर्यंत वाचले आहे. गोव्यात १९०७ साली जन्मलेले, हार्वर्डला शिकलेले हे गृहस्थ पोटासाठी मात्र गणित शिकवीत होते. पुण्याच्या फर्ग्युसन महाविद्यालयात असताना, १९४३ साली, भारतीय गणित परिषदेच्या नियतकालिकात त्यांचा एक निबंध आला. अनेक वेड्यावाकड्या आलेखांचा समूह हाती असेल तर त्यांचे पृथक्करण थोड्या मूळ आकारांत कसे करावे, तेही सर्वांत प्रबळ आकार आधी येईल अशा क्रमाने, हा त्याचा आशय. पुढील काही वर्षांत फिनलंडचे कारहुनेन आणि फ्रान्सचे लोएव्ह हे स्वतंत्रपणे तेथेच पोहोचले. जगात ते गणित बराच काळ त्या दोघांच्या नावाने चालले. आता अनेक ठिकाणी कोसंबींचे नाव पहिले लिहितात.

मेंदूच्या चित्रांत ह्याच जातीच्या गणिताचा उपयोग असा होतो. मेंदूत पांढरा भाग असतो, पोकळ्यांत पाणी असते. तेथे विचाराची खूण मिळण्याची अपेक्षा नसते. तेथील आकड्यांत जे प्रबळ आकार सापडतील ते बहुधा श्वासाचे, नाडीचे, हालचालीचे. ते काढून घ्यायचे आणि उरलेल्या सर्व मेंदूच्या हिशेबातून वजा करायचे. २००७ साली प्रसिद्ध झालेली ही रीत आज सर्रास वापरतात. मात्र गणित आकार देते, नाव देत नाही. हा आकार हृदयाचा, हा विचाराचा, हे माणसाने ठरवावे लागते. आणि माणूस तेथे चुकू शकतो.

कोसंबींना हे पुरते ठाऊक असावे, असे त्यांच्या नाण्यांवरील कामावरून वाटते. तक्षशिलेला सापडलेली प्राचीन चांदीची नाणी त्यांनी एकेक करून तोलली. नाणे हातोहात फिरते तेव्हा झिजते. म्हणून वजनावरून ते किती काळ चलनात होते ह्याचा अंदाज येतो. पण प्रत्येक नाणे सारखे झिजत नाही. एका नाण्याचे वजन काहीच सिद्ध करीत नाही. पुष्कळ नाण्यांची सरासरी बोलते. आणि तुलनेसाठी त्यांनी आपल्या काळातील चलनी नाणीही तोलून पाहिली, कारण त्यांचे साल त्यांच्यावर छापलेले असते. उत्तर आधीच ठाऊक असलेल्या ठिकाणी रीत तपासायची आणि मग ती अज्ञातावर चालवायची, हा प्रामाणिकपणा आम्हांला त्यांच्या कोणत्याही सिद्धान्ताइतकाच मोलाचा वाटतो.

हाच प्रामाणिकपणा सुटला की काय होते, त्याचे उदाहरण एका माशाने दिले. २००९ साली अमेरिकेतील काही संशोधकांनी एक मेलेला सामन मासा ह्या यंत्रात ठेवला आणि त्याला माणसांची चित्रे दाखवून त्यांच्या भावना ओळखण्यास विधिपूर्वक सांगितले. ढिलाईचा हिशेब लावला तेव्हा मेलेल्या माशाच्या डोक्यात विचाराचा ठिपका उमटला! कारण साधे आहे. हजारात एक चूक चालेल असे ठरविले आणि लाख ठिकाणी पाहिले, तर शंभर ठिकाणी नुसत्या योगायोगाने खूण दिसणारच. इतक्या ठिकाणी पाहिले आहे ह्याची दुरुस्ती हिशेबात केली, तेव्हा ठिपके नाहीसे झाले.

मासा मेलेला होता म्हणून हसून सोडता येते. २०१६ साली स्वीडनच्या अँडर्स एकलुंड व त्यांच्या सहकाऱ्यांनी मात्र कोणाला हसू दिले नाही. ४९९ निरोगी, स्वस्थ पडून असलेल्या माणसांच्या चित्रांवर त्यांनी जवळजवळ तीस लाख कृत्रिम तुलना केल्या. खरा फरक कोठेही नव्हता. शेकडा पाच खोट्या खुणा निघाल्या असत्या तर नियमाप्रमाणे ठीक होते. सर्वत्र वापरल्या जाणाऱ्या पद्धतींत काही वेळा त्या शेकडा सत्तरपर्यंत निघाल्या. २०२० साली आणखी एक कसोटी प्रसिद्ध झाली. १०८ माणसांच्या मेंदूची एकच माहिती ७० वेगवेगळ्या गटांना दिली आणि तेच नऊ प्रश्न विचारले. कोणत्याही दोन गटांनी अगदी तीच रीत वापरली नाही, आणि अनेक प्रश्नांवर उत्तरे जुळली नाहीत. ह्या चुका बाहेरच्या टीकाकारांनी नव्हे, त्या शास्त्रातल्या माणसांनीच उघड केल्या आणि छापल्या, हे त्या शास्त्राचे भूषण मानले पाहिजे.

आता आपण पुन्हा पुण्याला येतो, पण ह्या वेळी महाविद्यालयात नव्हे, न्यायालयात. बंगलोरच्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य संस्थेत पूर्वी काम केलेले मानसशास्त्रज्ञ सी. आर. मुकुंदन यांनी एक चाचणी तयार केली होती. संशयिताच्या डोक्याला तारांची टोपी घालतात. तो डोळे मिटून मुकाट बसतो. गुन्हा कसा घडला ह्याविषयीची तपास अधिकाऱ्यांची समजूत लहान लहान वाक्यांत त्याला ऐकवितात. ऐकलेली गोष्ट त्याने प्रत्यक्ष अनुभवली असेल तर मेंदूच्या लाटांत तशी स्वाक्षरी उमटते, असा दावा होता. नुसती माहिती असणे आणि स्वतः केलेले असणे, ह्यांतील भेदही यंत्र ओळखते, असे सांगण्यात येई.

विषप्रयोगाने झालेल्या एका खुनाच्या खटल्यात, जून २००८ मध्ये, पुण्याच्या सत्र न्यायालयाने दोघा तरुणांना जन्मठेप दिली. इतर पुरावाही होता. परंतु मुंबईच्या प्रयोगशाळेत झालेल्या ह्या चाचणीचा निष्कर्षही निकालात जमेस धरला गेला. जगभरच्या तज्ज्ञांनी त्यावर आश्चर्य व्यक्त केले, कारण इतरांनी स्वतंत्रपणे तपासून पाहावी अशा रीतीने ही पद्धत तेव्हा पुढे आलेली नव्हती. त्याच वर्षी बंगलोरच्या त्याच राष्ट्रीय संस्थेचे प्रमुख डी. नागराज यांच्या अध्यक्षतेखालील समितीने मत दिले की ह्या चाचण्यांना शास्त्रीय आधार पुरेसा नाही आणि न्यायालयात त्यांचा पुरावा म्हणून उपयोग करू नये. पुढे मुंबई उच्च न्यायालयाने त्या दोघांना जामीन दिला.

त्या दोघांच्या दोषादोषाविषयी आम्ही एक अक्षरही बोलणार नाही. तो आमचा अधिकार नाही. आमचा प्रश्न रीतीविषयी आहे. डॉसनला धक्का कोणत्या क्षणी दिला हे ठाऊक होते. कोसंबींजवळ साल छापलेली नाणी होती. येथे तुलनेला काय होते? खून केलेल्या माणसाच्या मेंदूचा खात्रीचा नमुना कोणाजवळ होता? आणि आरोपी झालेल्या माणसाने ती हकिकत चौकशीत, कोठडीत, वर्तमानपत्रात कितीदा ऐकलेली असते! ऐकून ऐकून मनात उभे राहिलेले चित्र आणि अनुभवाची आठवण ह्यांत यंत्राने भेद केला, हे कोणत्या साल छापलेल्या नाण्यावर तपासले होते?

५ मे २०१० रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या तीन न्यायमूर्तींनी सेल्वी विरुद्ध कर्नाटक राज्य ह्या प्रकरणात निकाल दिला. गुंगीचे औषध देऊन केलेली चौकशी, खोटे पकडण्याचे यंत्र आणि मेंदूच्या लाटांची चाचणी, ह्यांपैकी काहीही माणसाच्या इच्छेविरुद्ध करता येणार नाही. घटनेच्या विसाव्या कलमाने स्वतःविरुद्ध साक्ष देण्याची सक्ती निषिद्ध केली आहे. माणूस तोंडाने बोलला नाही तरी डोक्यातील आशय काढून घेणे ही साक्षच होय, असे न्यायालयाने धरले. संमतीने चाचणी केली तरी तिचा निष्कर्ष स्वतः पुरावा ठरत नाही. तिच्या साहाय्याने पुढे एखादी वस्तू वा माहिती सापडली, तर तिचाच विचार होतो. त्याच वर्षी अमेरिकेत टेनेसीच्या न्यायालयानेही मेंदूच्या चित्रांवरून खरेखोटे ठरविणारा पुरावा नाकारला.

संमतीने होणाऱ्या चाचण्या आपल्या देशात त्यानंतरही चालू राहिल्या आहेत, म्हणून हा विषय केवळ इतिहासाचा नाही. पोट ज्याच्या हातात आहे त्याच्यापुढे, किंवा कोठडीच्या दारात, दिलेली संमती किती मोकळी असते, हे कामगारांत वावरलेल्या माणसाला कोणी समजावून सांगण्याची गरज नाही. "साफ असशील तर भितोस कशाला?" हा प्रश्न नेहमी वरच्या पायरीवरून खालच्या पायरीला विचारला जातो. मालकाला त्या यंत्रावर बसविण्याची सूचना आम्ही तरी अजून ऐकलेली नाही.

ह्याचा अर्थ यंत्र फोडावे असा आम्ही काढीत नाही. ह्याच गणिताने अपस्माराच्या रोग्याच्या मेंदूतील दोषाची जागा शोधण्यास मदत होते. शस्त्रक्रियेपूर्वी बोलण्याचे केंद्र कोठे आहे हे डॉक्टरांना कळते. तेथे रोगी आणि डॉक्टर एका बाजूला असतात, आणि एका कसोटीचे उत्तर दुसऱ्या कसोटीने पडताळता येते. बोगद्यातील गँगमन एका घरघरीवर सावध होतो, ते योग्यच आहे, कारण त्याची खोटी खूण पाच मिनिटांना पडते. न्यायालयातील खोटी खूण जन्मठेपेला पडते. तेव्हा एकच कान दोन्हीकडे चालणार नाही.

पहारेकऱ्याचे काय झाले ते सांगून आम्ही थांबतो. तो यंत्रावर बसला नाही. आम्ही मागणी केली ती साठ्याचा हिशेब पुन्हा करण्याची. धान ओले असताना तोलून घेतले होते आणि महिन्यांनी सुकल्यावर पुन्हा तोलले होते. सुकण्याची घट धरली तेव्हा तुटीचा बहुतेक भाग जाग्यावरच निघाला. उरलेला नेहमीच्या सांडलवंडीत बसत होता. त्याला कामावर परत घेतले. मधल्या महिन्यांची मजुरी मात्र मिळाली नाही, आणि पुढे गिरणीच्या दारातून जाताना तो मान खाली घालीत असे. कोसंबींची नाणी आम्हांला तेव्हा ठाऊक नव्हती. पण चांदी झिजते तसे धान सुकते. आधी तराजू पाहावा, मग माणसाच्या डोक्याकडे वळावे, एवढे त्या दिवशीही आम्हांला समजले होते.